मिसरी सोडल्यानंतरच्या सकाळी

आमच्या गल्लीत माझी ओळख नोकरीवरून नव्हती, मिसरीवरून होती. शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. टीसी, बोनाफाईड माझ्याच हातून निघतात, पण गल्लीतल्या बायकांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. मिसरी चांगली भाजते म्हणून मी त्यांना हवी होते. ज्यांना मिसरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काळी तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून चाळायची आणि ती भुकटी बोटानं दाताहिरड्यांना घासायची. नाव दात घासण्याचं, काम तंबाखूचं. पुरुषांसारखं पारावर बसून तळहातावर मळायची सोय आम्हा बायकांना नाही, म्हणून हा मार्ग निघाला असावा.

भाजायला मला आईनं शिकवलं, माहेरी धर्मापुरीला. आच मंद हवी, तवा जुना हवा आणि हात थांबता कामा नये. धूर डोळ्यांत जातो, ठसका लागतो, त्यामुळे माणूस घाई करतं, आणि घाई केली की थोडी जळते, थोडी कच्ची राहते. जळकी लावली तर तोंड कडू होतं, कच्ची लावली तर गरगरतं. नेमकी कधी उतरवायची ते डोळ्यांना कळत नाही, वासावरूनच ओळखावं लागतं. लहान असताना माझी दाढ दुखत होती म्हणून आईनं चिमूटभर मिसरी दाढेवर दाबून धरली होती. दाढ थांबली आणि मिसरी सुरू झाली. आईचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. तिला तिच्या आईनं तसंच केलं होतं.

चौसाळ्याला मी आले ती नवरा गेल्यावर. तो ज्या संस्थेत नोकरीला होता, तिनं त्याच्या जागी मला घेतलं आणि इथल्या शाळेत टाकलं. हायवेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर मिळालं, मागं थोडं अंगण आणि शेजाऱ्यांची सामाईक भिंत. मुलगा तेव्हा दहावीला होता. गल्लीतल्या बायका मला ‘मॅडम’ म्हणायच्या. मॅडम म्हटलं की मान मिळतो, पण त्याच्या पुढं बोलणं सरकत नाही. ‘मॅडम, शाळेत निघाल्या का?’ एवढं विचारून त्या आपल्या वाटेला लागायच्या. बाहेरगावची, नोकरीवाली आणि कपाळ मोकळं असलेली बाई, तिच्याशी काय बोलावं हे त्यांनाही कळत नसणार. मी संध्याकाळी घरी यायची आणि दाराला कडी लावून घ्यायची.

एका रविवारी मागच्या अंगणात मी मिसरी भाजत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, “कोण भाजतंय वो? लई बेस वास सुटलाय.” वर पाहिलं तर शेजारीण पालथ्या बादलीवर उभी राहून भिंतीवरून डोकावत होती. आजवर ती माझ्याशी चार शब्दही बोलली नव्हती. मी कागदावर थोडी मिसरी दिली. दुसऱ्या दिवशी ती बामची रिकामी डबी घेऊन दारातून आली. आठवड्याभरात आणखी दोघी आल्या. मग तंबाखू त्यांनी आणायची आणि मी भाजायची अशी पद्धतच पडली. मॅडमची आक्का कधी झाले ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

सकाळी उजाडता उजाडता पाच-सहा जणी माझ्या अंगणात जमायच्या. कुणी धुण्याच्या दगडावर टेकायची, कुणी उंबऱ्यावर, कुणी उकिडवी. प्रत्येकीचं बोट तोंडात. तोंडात मिसरी असताना बोलता येत नाही असं कुणी समजू नये. ओठाच्या कोपऱ्यातून सगळं बोलता येतं. कुणाची मोटार जळाली, कुणाची सून माहेरून यायला तयार नाही, कुणाची पोरं घरी ठेवून आईबाप ऊसतोडीला गेले, सगळं तिथंच कळायचं. तिथं माझी फिरकीही घ्यायच्या. शाळेतला आक्काचा साहेब आक्कालाच भितो, असं कोपऱ्यावरची म्हातारी म्हणायची, आणि ते खरंही होतं. अर्ध्या तासानं सगळ्या चुळा भरून उठायच्या. मुलगा शिकायला म्हणून पुण्याला गेला, तिथंच नोकरीला लागला, तिथंच त्याचं लग्न झालं. तो गेल्यावर माझ्या घरात माणसांचा आवाज व्हायचा तो त्या अर्ध्या तासापुरता.

मग दाढेनं डोकं वर काढलं. बीडला दाताच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर मुलगी होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं आरसा तोंडात घातला, दाढ पाहिली आणि मग गालाची आतली बाजू बराच वेळ पाहत राहिली. तिथं पांढरा चट्टा होता. मिसरी कधीपासून लावता, असं तिनं विचारलं. मी दुधाच्या दातांपासून म्हणाले, तेव्हा तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. ती रागावली नाही. सरळ म्हणाली, “आज हा नुसता डाग आहे. सोडलीत तर बहुतेक जाईल. नाही सोडलीत तर पुढचं तुम्हाला मी सांगायला नको.” खरंच नको होतं. आमच्याच शाळेतल्या एका गुरुजींचा अर्धा जबडा काढलेला आम्ही पाहिला होता. शेवटी शेवटी ते पाटीवर लिहून बोलायचे.

परतीच्या बसमध्ये माझी जीभ सारखी त्या चट्ट्याकडे जात होती. मला मरणाची भीती वाटली, हे काही लपवत नाही. पण चौसाळ्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा दुसरीच भीती मोठी झाली होती. मिसरी सुटली तर अंगणात कोण येणार? मला मिसरी सोडायची होती आणि माणसं सोडायची नव्हती, आणि ही दोन्ही एकाच डबीत होती.

पहिल्यांदा मी हुशारी केली. म्हटलं, आपण भाजून देऊ, सगळ्यांना वाटू, फक्त स्वतः लावायची नाही. बायकांना काही सांगायचं नाही. पण तव्यावरून धूर निघाला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि चाळता चाळता बोट कधी तोंडात गेलं ते कळायचंही नाही. आठवडाभर हा चोर-पोलीस खेळून पाहिला. शेवटी एका सकाळी सगळ्या बसलेल्या असताना सांगून टाकलं. मी मिसरी सोडतेय, म्हणून भाजणंही बंद करतेय. डॉक्टर काय म्हणाली तेही सांगितलं.

सगळ्यांची बोटं तोंडाबाहेर आली. मग म्हातारी म्हणाली, “म्हणजी आता आमच्या तोंडाचा वास येत आसंल तुमाला.”

मी न्हाई म्हणाले. तेव्हा ते खरं होतं. पुढं काही दिवसांनी नाक साफ झालं आणि खरंच वास यायला लागला, पण ते मी कुणालाच सांगितलं नाही. तिला पटावं म्हणून मी गाल ताणून चट्टा दाखवला. तिनं पदरानं चष्मा पुसून तो पाहिला आणि म्हणाली, “माज्या तोंडात ह्याच्याहून मोठा हाय.” बाकीच्या हसल्या. मी तिला बीडला नेते म्हणाले, जायचं भाडं मी भरते म्हणाले. ती म्हणाली, मेल्यावर ने.

सुरुवातीचे दिवस कसे गेले ते शाळेच्या शिपायाला विचारावं. डोकं ठणकायचं, पोटाचं तर विचारूच नका. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे आमच्याकडं लहान पोरीलाही माहीत असतं. मला ते डॉक्टरपेक्षा जास्त खरं वाटायला लागलं. एका पालकानं आधारची झेरॉक्स आणली नव्हती, तर मी त्याला एवढं झापलं की हेडमास्तर केबिनमधून उठून बाहेर आले. बडीशेप चघळली, लवंगा चघळल्या, ज्येष्ठमधाच्या काड्या चावून त्यांचा झाडू केला. फाईल वाचता वाचता डाव्या हाताचं बोट आपोआप तोंडाशी जायचं आणि रिकामंच परत यायचं. पण सगळ्यात वाईट होती सकाळ. टूथपेस्टनं दात दोन मिनिटांत घासून होतात. उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

बायका काही दिवस तरीही येत राहिल्या. बाजारची पुडी आणायच्या आणि तीच लावायच्या. पण मी तिथं हात बांधून बसले की त्यांना अवघडायचं. थुंकायला तोंड फिरवून बसायच्या, पूर्वी असं कधी करत नव्हत्या. पंगतीत एक जण नुसता बघत बसला की बाकीच्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, तसं झालं. एकेक जण गळायला लागली. कुणाला सकाळी डबा असायचा, कुणाचं पाणी यायचं. शेजारीण सगळ्यांत शेवटी यायची थांबली. तिनं कारणही दिलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. खोटं ऐकायची माझी तयारी नव्हती.

दशमीला बायकांनी नारायणगडाला जायला जीप ठरवली. मलाही बोलावलं, हे कबूल करायला हवं. दर्शन झालं, प्रसाद झाला आणि सगळ्या झाडाखाली टेकल्या. लगेच पिशव्यांतून डब्या निघाल्या. शेजारणीनं सवयीनं आपली डबी माझ्यापुढं धरली, मग आठवण झाली तसा हात मागं घेतला. कुणीतरी म्हणालं, “मॅडमला कशाला देती?”

मी परत मॅडम झाले होते. एवढी वर्षं चिमटीचिमटीनं जे मिळवलं, ते त्या एका शब्दात गेलं, असं मला वाटलं. मी हात पुढं केला आणि म्हणाले, द्या इकडं.

एका बोटात डोकं गरगरलं. झाडाच्या बुंध्याला धरून बसले. सगळ्या हसल्या, म्हातारीनं पाठीवर थाप मारली, कुणीतरी पाण्याची बाटली दिली आणि ‘आक्का, हळू’ म्हणाली. गडावर लोक व्यसनं सोडायला येतात, माळ घालतात. मी तिथं सुटलेलं परत धरून घरी आले. आणि खरं सांगायचं तर कितीतरी महिन्यांत मला एवढा आनंद झाला नव्हता. जीपमध्ये दोघींच्या मध्ये दाटीवाटीनं बसले होते, तोंडात जुनी चव होती आणि सगळ्या माझ्याकडं बघून बोलत होत्या.

अंगण पुन्हा भरलं. मी पुन्हा भाजायला लागले. पण फिका पडत आलेला चट्टाही परतला, आणि आता तो झोंबायला लागला. तिखट भाजी खाल्ली की डोळ्यांत पाणी यायचं. मिसरी घासताना जीभ सारखी त्याला टेकायची आणि समोरची बाई काय सांगतेय ते अर्धंच ऐकू यायचं. मी परत बीडला गेले. त्याच डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, “परत?” एवढंच म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली. त्या रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, सोपं असतं गं, विल पॉवर पाहिजे. हे तो ज्या खोलीत बसून म्हणाला तिथं त्याची बायको होती, टीव्ही चालू होता, मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी हो म्हणाले. पुण्याला ये थोडे दिवस, असंही म्हणाला. कधी ये ते म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी मिसरी सोडली तेव्हा मी कुणाला काही सांगितलं नाही. मागच्या दाराला सकाळी कडी लावायला लागले. पहिल्या दिवशी बायका येऊन दारावर थापा मारून गेल्या. मी आत भिंतीला पाठ लावून उभी होते. दुसऱ्या दिवशी थापा कमी झाल्या, मग बंदच झाल्या.

एके दिवशी दुपारी शेजारीण पुढच्या दारानं आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तंबाखू होती. मी भाजणार नाही असं ती बोलायच्या आतच सांगितलं. ती म्हणाली, “तुमी नगा भाजू. पर बाजारची आमाला लागंना, तोंड सोलून निघतंय. मला तरी शिकवा, आक्का.”

मी चहा ठेवला आणि चहाला उकळी येईपर्यंत विचार केला. हिला शिकवलं तर गल्लीला माझी गरजच उरणार नाही. नाही शिकवलं तर आज ना उद्या मीच तव्यापुढं बसेन, कारण नाही म्हणायची माझी ताकद किती आहे ते मी नारायणगडावर पाहिलं होतं. बायकांच्या तोंडाचं वाटोळं करायला मी मदत करतेय हेही मनात आलं. पण मी न शिकवल्यानं त्यातली एकही सोडणार नव्हती. मी तिला चट्ट्याचं पुन्हा सांगून पाहिलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि तंबाखूची पुडी सोडली.

तिच्या अंगणात चूल मांडली. मी वाऱ्याच्या उलट बाजूला, पार फाटकापाशी, नाकावर पदर धरून बसले आणि तिथून सांगत राहिले. आच कमी करा. हलवा. थांबू नका. पहिला घाणा तिनं जाळला. दुसरा भीतीनं कच्चा उतरवला. तिसऱ्याला मी पदर जरा बाजूला करून वास घेतला. घ्यायला नको होता. तोंडात पाणी जमलं, ते गिळलं आणि म्हणाले, आता उतरवा. तिनं चिमूट घेऊन दाताला लावली, डोळे मिटले आणि मान हलवली. जमलं होतं. आईकडून आणलेला तवा मी तिलाच देऊन टाकला. घरात ठेवला असता तर त्यानं मला परत हाक मारली असती.

आता त्या सगळ्या तिच्या अंगणात बसतात. भिंत एकच असल्यानं मला सगळं ऐकू येतं. शब्द नीट लागत नाहीत, कारण प्रत्येकीचं बोट तोंडात असतं, पण हसणं लागतं. मी या बाजूला चहा पिते. सकाळी लवकर आवरून होतं म्हणून शाळेतही लवकर जाते, तर शिपाई अजून यायचा असतो. कुलूप उघडेपर्यंत ऑफिसच्या पायरीवर बसते. गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिला आणि आरसा माझ्या हातात दिला, तुम्हीच बघा म्हणाल्या. चट्टा जवळजवळ गेला होता. मी तिथं रडले. त्यांना वाटलं आनंदानं, आणि निम्मं तसंच होतं. बाहेर आले तेव्हा ही बातमी पहिल्यांदा कुणाला सांगावी ते सुचेना. फोन हातात घेऊन बसस्टँडवर बराच वेळ बसले. मुलगा ऑफिसात असणार होता.

परवाच्या रविवारी मागं कपडे वाळत घालत होते. पलीकडं नुकतं भाजून झालं होतं आणि वास आला. इतका नेमका की माझ्याही हातून क्वचितच तसा जमला असेल. कपडा हातात धरून मी तशीच उभी राहिले. मला ती मिसरी इतकी हवीशी वाटली की कपडा तसाच घेऊन मी भिंतीपाशी गेले. तेवढ्यात भिंतीवर शेजारणीचं डोकं आलं. तिनं मला पाहिलं. पलीकडं बोलणं थांबलं, म्हणजे बाकीच्या ऐकत होत्या.

“आक्का, या की बसायला,” ती म्हणाली. “लावू नगा. नुस्तं बसा.”

याच बोलावण्याची मी किती दिवस वाट पाहत होते. अट नव्हती, टोमणा नव्हता, तिनं मनापासून म्हटलं होतं. आणि मला पक्कं माहीत होतं की गेले तर चुळा भरायच्या आत माझं बोट कुणाच्या तरी डबीत असेल. तिला ते सांगितलं असतं तरी कळलं नसतं. नुसतं बसायचं यात अवघड काय, असंच ती म्हणाली असती.

“स्वयंपाक व्हायचाय माझा,” मी म्हणाले.

माझ्या गॅसवर काहीच नव्हतं. आदल्या दिवशीची भाजी होती, तीच दोन्ही वेळेला खायची होती. तिनं माझ्या हातातल्या ओल्या कपड्याकडं पाहिलं. मग ‘बरं’ म्हणाली आणि खाली उतरली. मी उरलेले कपडे वाळत घातले, मागच्या दाराला कडी लावली आणि कुणी विचारलंच तर खोटं ठरू नये म्हणून गॅसवर भात ठेवला.